वस्तरा धुवायचा कसा? दाढीनंतर पुळ्या येत असतील तर हे वाचा

दोन वर्षांपूर्वी मला जबड्याखाली केसतोड झालं होतं. आधी एक, मग त्याच्या शेजारी दुसरं. पू, ठणका, मान वळवता येईना. डॉक्टरांनी औषध दिलं आणि विचारलं, दाढी कशाने करता? म्हटलं आजोबांचा घडीचा वस्तरा आहे, रोज नळाखाली धुतो. ते म्हणाले घरी जाऊन एकदा टॉर्च मारून बघा.

बघितलं तर पातं चकचकीत, काही दोष नाही. पण पातं जिथे मुठीत घडी होतं ना, त्या खिळ्यापाशी करडा थर साचलेला, टाचणीने उकरला तर वाळलेला साबण, केसांचे बारीक तुकडे आणि मेलेली कातडी, सगळं एकजीव होऊन बसलेलं. आणि मी रोज तोच वस्तरा ओला करून मिटून ठेवत होतो.

दाढी करताना कातडीला बारीक ओरखडे पडतातच, डोळ्याला दिसत नाहीत एवढंच. स्टॅफिलोकॉकस नावाचा जंतू बऱ्याच जणांच्या नाकात आणि अंगावर एरवीही असतो, काही करत नाही, पण ओरखड्यातून केसाच्या मुळाशी पोचला की पुळी येते, आणि खोल गेला की केसतोड.

आता धुवायची पद्धत. दाढी संपली की लगेच, फेस वाळायच्या आत, पातं वाहत्या कोमट पाण्याखाली धरायचं, मूठ शक्यतो पाण्याबाहेर ठेवून. मूठ लाकडाची किंवा शिंगाची असेल तर पाणी पिऊन फुगते, वाकडी होते, म्हणून वस्तरा उकळायचा पण नाही आणि डेटॉलच्या पाण्यात रात्रभर बुडवून पण ठेवायचा नाही, कार्बन स्टील असेल तर सकाळी गंज दिसेल. मग मऊ टूथब्रशवर भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब, आणि ब्रश नेहमी पात्याच्या जाड पाठीकडून धारेकडे फिरवायचा. धारेच्या लांबीवर घासलं तर धार बिघडते आणि बोटही कापतं. खिळ्यापाशी ब्रश जात नाही तिथे इअरबड ओला करून फिरवा, काळा होऊन येईल, पांढरा येईपर्यंत बदलत राहा. पहिल्यांदा मला सात-आठ लागले होते.

हे साफ झाल्यावरच स्पिरिट. बरेच जण धुवायचं सोडून नुसतं स्पिरिट पुसतात, त्याचा फारसा उपयोग नाही कारण साबणाच्या थराखालच्या जंतूंपर्यंत ते पोचतच नाही. मेडिकलमध्ये ७० टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल मागा. ९९ टक्केवालं जास्त कडक म्हणून जास्त चांगलं असं वाटतं पण तसं नाहीये, ते झटकन उडून जातं आणि जंतू मारायला थोडं पाणी लागतंच. कापसाने दोन्ही बाजू, पाठ आणि खिळ्याजवळचा भाग चांगला ओला करा आणि आपोआप वाळू द्या, लगेच पुसू नका. हे काम गॅसपासून लांब करा, स्पिरिट भडकन पेटतं.

आणि मग वाळवणं, ज्याच्याकडे सगळ्यात जास्त दुर्लक्ष होतं. टिश्यूने पाठीकडून धारेकडे टिपून घ्या आणि वस्तरा तासभर उघडा ठेवा, बाथरूममध्ये नाही, बाहेर कोरड्या जागी, पोरांचा हात पोचणार नाही अशा ठिकाणी. पावसाळ्यात, त्यातून कोकणात राहत असाल तर, पात्याला शिलाई मशीनच्या तेलाचं बोट फिरवून ठेवा आणि पुढच्या दाढीआधी ते स्पिरिटने पुसून काढा. गंज नुसता दिसायला वाईट नसतो, त्याने पात्याला बारीक खड्डे पडतात आणि त्या खड्ड्यांत घाण अडकते, ती मग ब्रशनेही निघत नाही. जुन्या बाजारातून वस्तरा घेताना म्हणूनच धारेजवळ असे खड्डे आहेत का ते उजेडात तिरपा धरून बघा, असतील तर कितीही देखणा असो, दाढीसाठी नका घेऊ.

धार नीट राहावी म्हणून ज्यावर वस्तरा फिरवतात तो चामड्याचा पट्टा विसरू नका. पट्टा धुता येत नाही, स्पिरिटने चामडं कडक होतं, त्यामुळे त्यावर वस्तरा फक्त स्वच्छ आणि कोरडाच फिरवायचा. दाढी करताना रक्त आलं असेल तर वस्तरा धुवून, स्पिरिट लावून, वाळवूनच पट्ट्यावर. आणि वस्तरा, पट्टा, तुरटीचा खडा, तिन्ही गोष्टी ज्याच्या त्याच्या. भावाला नाही, रूममेटला नाही. हिपॅटायटिस बी चा विषाणू वाळलेल्या रक्तात सात दिवस तरी जिवंत राहू शकतो, आणि ते रक्त डोळ्याला दिसेल एवढं असावंच लागतं असं नाही.

सलूनमध्ये जात असाल तर अर्धं ब्लेड तुमच्यासमोर कागदातून काढून लावायला सांगा. दादा, नवीन ब्लेड लावा ना, एवढंच म्हणायचं, कोणी रागवत नाही. आणि जुनं ब्लेड ज्या पट्टीत बसतं ती पण पुसून घ्यायला सांगा, नवीन ब्लेड घाणेरड्या पट्टीत बसवलं तर काय फायदा. सगळ्या गिऱ्हाइकांच्या गालावरून फिरणारा तुरटीचा खडा मात्र सरळ नको म्हणा.

चेहऱ्यावर आधीच पुळी असेल तर तिच्यावरून वस्तरा नेऊ नका, एका पुळीतला पू गालभर पसरतो. तीन-चार दिवस दाढी राहू द्या. लाली पसरत चालली, ताप आला किंवा नाकाजवळ, वरच्या ओठावर गळू झालं तर पिळू नका, घरचे उपाय करत बसू नका, डॉक्टरकडे जा.

घरी अर्धी ब्लेडं वापरत असाल तर वापरलेली ब्लेडं जुन्या पावडरच्या डब्यात टाकत जा, डबा भरला की झाकण चिकटपट्टीने बंद करून वर मोठ्या अक्षरात ब्लेड असं लिहा आणि कचरा घ्यायला येणाऱ्या ताईंच्या हातात सांगून द्या. त्या ओला-सुका कचरा हाताने वेगळा करतात.