विमानाने जावे की न जावे: नाशिककरांनी निर्णय कसा घ्यावा

प्रवास ठरला की आपण मोबाईलवर विमानाचा दर पाहतो, आणि तो परवडला तर विमान, नाही तर रेल्वे, असा निकाल बहुतेक घरांत दोन मिनिटांत लागतो. मात्र माझ्या ओळखीतले जे लोक विमान जाणूनबुजून टाळतात किंवा हट्टाने विमानानेच जातात, त्यांच्याशी सविस्तर बोलल्यावर दराचा विषय बराच उशिरा निघतो. आधी निघतात ते भीती, गुडघे, सामान, रजेचे दिवस आणि क्वचित पर्यावरण हे विषय. म्हणून दर पाहण्याआधी एक कोरा कागद घ्यावा आणि विमानाने जाण्याचे किंवा न जाण्याचे आपले खरे कारण त्यावर एका ओळीत लिहावे.

‘खरे’ या शब्दावर मी भर देतो, कारण सांगितलेले कारण आणि मनातले कारण पुष्कळदा वेगळे असते. आमचे मामा गेल्या वर्षी दिल्लीच्या लग्नाला विमानाने यायला तयार नव्हते आणि विमानतळावर फार चालावे लागते, असे कारण देत होते. भाच्याने व्हीलचेअरची सोय केली, तेव्हा कान दुखतात असे कारण निघाले. कानासाठी डॉक्टरांकडून औषध आणले, तेव्हा कुठे ते म्हणाले, ‘‘अरे, अहमदाबादचं ते डोळ्यांसमोरून जात नाही.’’ १२ जून २०२५ रोजी अहमदाबादहून लंडनला निघालेले विमान उड्डाणानंतर काही क्षणांतच कोसळले आणि त्यातील २४२ जणांपैकी केवळ एक प्रवासी वाचला. ती दृश्ये घरोघरी पाहिली गेली होती. अशा भीतीला आकडेवारीने उत्तर देऊ नये. नियमित विमानसेवा रस्त्यापेक्षा कितीतरी सुरक्षित आहे हे खरेच आहे, आणि कसारा घाटातून रात्री गाडी हाकणाऱ्या माणसाने विमानाला घाबरावे यात विसंगतीही आहे. परंतु घाबरलेल्या माणसाला ती विसंगती ठाऊक असते, आणि ती दाखवून दिल्याने त्याची भीती जात नाही, फक्त तो गप्प होतो.

भीती असूनही जायचेच असेल, तर पंखांजवळची जागा घ्यावी, कारण तेथे हेलकावे कमी जाणवतात; शक्यतो सकाळचे उड्डाण निवडावे, कारण दुपारी तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेमुळे विमान अधिक हलते. हलणारे विमान पडत नसते आणि त्याचे पंख वाकण्यासाठीच बनवलेले असतात, हे आधी एकदा समजून घेतले तर पुष्कळांना धीर येतो. झोपेची गोळी मात्र आयुष्यात प्रथमच विमानात घेऊन पाहू नये. भीती अनेक वर्षांची असेल, तर समुपदेशकाकडे जाणे हा लाज वाटण्याचा विषय नाही.

दुसऱ्या ओळीत वेळ लिहावा, आणि तो घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचा असावा. तिकिटावरचे दोन तास हे निम्मेदेखील सत्य नसते. दिल्लीचेच उदाहरण घेऊ. गंगापूर रोडवरून द्वारका चौकाची कोंडी धरून नाशिकच्या ओझर विमानतळावर पोहोचायला तासभर, उड्डाणाआधीचे दोन तास, विमानातले साधारण दोन, सामान येईपर्यंत अर्धा आणि दिल्लीतल्या रस्त्यावर एक-दीड, म्हणजे सहज साडेसहा-सात तास होतात. (मिग आणि सुखोई ही लढाऊ विमाने जिथे घडली त्या ओझरच्या धावपट्टीवरून आपण लग्नाला निघतो, याची मला दर वेळी गंमत वाटते.) हेच उड्डाण स्वस्त तिकिटाच्या मोहाने मुंबईहून घेतले, तर नाशिक ते मुंबई विमानतळ या रस्त्याला चार तास आणि पावसाळ्यात भिवंडीच्या आसपास होणाऱ्या खोळंब्यासाठी आणखी दीड-दोन तास धरावे लागतात, आणि एकूण हिशेब अकरा-बारा तासांवर जातो, शिवाय वाचलेले पैसे टॅक्सीत जातात. याउलट संध्याकाळी नाशिकरोडला राजधानी एक्सप्रेसमध्ये बसणारा माणूस रात्रभर झोपून दुसऱ्या दिवशी सकाळी दिल्लीत उतरतो. घड्याळात हा प्रवास जास्त तासांचा असला तरी जागेपणीचे फार थोडे तास खर्च होतात आणि एका रात्रीचे हॉटेल वाचते. माझ्या मते दिल्लीसाठी ओझर आणि राजधानी हीच खरी तुलना आहे. मुंबईहून विमान पकडणे हा पर्याय नाशिककराने परदेशी जाताना किंवा नाइलाज झाल्यासच वापरावा.

बंगळुरूच्या बाबतीत मात्र माझे मत सरळ विमानाच्या बाजूने आहे, कारण रेल्वेने जवळपास पूर्ण दिवस जातो. नागपूरला विदर्भ एक्सप्रेस रात्रीच्या झोपेत पोहोचवते. नागपूरसाठी जून २०२५ पासून पूर्ण खुला झालेला ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्गही आहे. मुंबई-पुण्यासाठी हा कागद काढण्याचीच गरज नाही.

ओझरबाबत एक धोका आवर्जून लक्षात ठेवावा. लहान विमानतळावरून एखाद्या शहराला दिवसाकाठी एखादेच उड्डाण असते, त्यामुळे ते रद्द झाले तर पुढचे थेट दुसऱ्या दिवशी. डिसेंबर-जानेवारीत दिल्लीच्या धुक्याने हे घडू शकते, म्हणून परीक्षा, मुलाखत किंवा मुहूर्त असेल तर आदल्या दिवशीच निघावे. कंपनीने पुरेशी आगाऊ सूचना न देता उड्डाण रद्द केले, तर नियमानुसार पर्यायी उड्डाण किंवा पूर्ण परतावा मिळतो आणि त्याशिवाय प्रवासाच्या कालावधीनुसार ५,०००, ७,५०० किंवा १०,००० रुपयांपर्यंत भरपाई मागता येते. मूळ भाडे आणि इंधन अधिभार यांची बेरीज याहून कमी असेल, तर तेवढीच रक्कम मिळते. धुके, वादळ यांसारख्या कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणांना ही भरपाई लागू नाही, आणि नेमकी तीच कारणे आपल्या वाट्याला अधिक येतात.

तब्येतीची ओळ थोडक्यात पण प्रामाणिकपणे लिहावी. विमानातला हवेचा दाब समुद्रसपाटीपासून सहा ते आठ हजार फूट उंचीवर असतो तितका ठेवलेला असतो, त्यामुळे फुप्फुसाचा किंवा हृदयाचा आजार असलेल्यांनी आणि नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी तिकीट काढण्याआधी डॉक्टरांना विचारावे. गरोदरपणाचे ३२ आठवडे उलटल्यावर बहुतेक कंपन्या डॉक्टरांचे प्रमाणपत्र मागतात. सर्दीने नाक चोंदले असेल, तर विमान उतरताना कान भयंकर दुखतात. लहान बाळाला त्या वेळी दूध पाजावे. दुसऱ्या बाजूने, ज्यांच्या गुडघ्यांना रेल्वेच्या पायऱ्या आणि वरचा बर्थ झेपत नाही, त्यांच्यासाठी विमान हीच दयाळू निवड ठरते.

पर्यावरणाचे कारण आपल्याकडे थट्टेवारी नेले जाते, पण ते पोकळ नाही. जगातल्या कार्बन डायऑक्साइड उत्सर्जनात विमानांचा वाटा सुमारे अडीच टक्के आहे, आणि विमानामागे उंचावर तयार होणाऱ्या बर्फकणांच्या पांढऱ्या रेषांमुळे तापमानवाढीतला वाटा त्याहून मोठा होतो. स्वीडनमध्ये विमानप्रवासाच्या संकोचासाठी ‘फ्लिगस्काम’ असा शब्दच रूढ झाला आणि फ्रान्सने २०२३ मध्ये, रेल्वेने अडीच तासांत पोहोचता येते अशा काही देशांतर्गत मार्गांवरची विमाने कायद्याने बंद केली. हे कारण पटत असेल, तर वर्षातून एकदा दूरचा प्रवास करणाऱ्याने अपराधी वाटून घेण्यापेक्षा, दर महिन्याच्या बैठकांपैकी किती दूरदृश्य पद्धतीने उरकता येतात ते पाहावे. आणि विमान टाळून एकट्यासाठी मोठी मोटार काढणार असाल, तर ही ओळ कागदावरून खोडावी.

राहिले सामान. देशांतर्गत उड्डाणात साधारणपणे १५ किलोचे सामान विमानाच्या पोटात आणि ७ किलोचे हातात नेता येते. पॉवर बँक हातातल्या पिशवीतच ठेवावी लागते. फेब्रुवारी-मार्चमध्ये दिल्लीकर नातेवाईक द्राक्षांची वाट पाहत असतात, आणि पेटी विमानाच्या पोटात दिली की तळाचे मणी चिरडून रस खोक्यातून झिरपतो, हे मी एकदा सरकत्या पट्ट्याशी उभा राहून पाहिले आहे. रेल्वेत त्याच पेट्या बर्थखाली निवांत जातात.

कागद भरून झाल्यावर सर्वांचे उत्तर एकच यावे असा आग्रह धरू नये. रेल्वेचे आरक्षण प्रवासाच्या ६० दिवस आधी सकाळी ८ वाजता उघडते, त्यामुळे ज्यांना रेल्वेने जायचे आहे त्यांचे तिकीट आधी काढावे आणि विमानाचे नंतर पाहावे. आम्ही त्या लग्नाला तसेच गेलो. मामा, मामी आणि द्राक्षांच्या चार पेट्या राजधानीने आदल्या संध्याकाळी निघाल्या. रजा नसलेली मुले दुसऱ्या दिवशी ओझरहून हलक्या पिशव्या घेऊन आली, आणि त्यांना घ्यायला मामा स्वतः विमानतळावर गेले होते.