कॅमेलियनला धाप लागली? वाफ आणि बाम आधी बाजूला ठेवा

मे महिन्यात परभणी-नांदेडकडे पारा बेचाळिशीला टेकला की कॅमेलियन (रंग बदलणारा सरडा) पाळणाऱ्यांचा एक प्रश्न हमखास येतो: "तोंड उघडं ठेवून बसलाय, सर्दी झाली का?" बऱ्याचदा झालेली नसते. त्याला उकडतंय, एवढंच. घाम येत नसल्यामुळे तो तोंड वासून उष्णता बाहेर टाकतो. म्हणून आधी थर्मामीटर बघा. दिव्याखालच्या फांदीवर ३२ अंशांच्या वर तापमान असेल तर दिवा बंद करा, पिंजरा गार खोलीत हलवा आणि अर्धा तास लांबून बघा. तोंड मिटलं तर विषय संपला. आपल्याकडे उन्हाळ्यातही तापवायचा दिवा सवयीने दिवसभर चालू ठेवणारे महाभाग कमी नाहीत. पण सकाळच्या गारव्यात, दिवा लावायच्या आधीही तोंड उघडंच असेल, तर श्वासमार्गाचा आजार धरूनच चाला.

नाकपुडीवर पांढरी खपली दिसली म्हणून घाबरू नका. शरीरातलं जादा मीठ तिथून बाहेर पडतं. तुम्हाला बघून जबडा वासून फुसफुसणं हाही आजार नव्हे, तो राग आहे.

खऱ्या त्रासात तो हनुवटी आभाळाकडे करून मान ताणतो. दर श्वासाला बरगड्या आत-बाहेर होतात, गळा फुगतो. तोंडात चिकट तारा किंवा नाका-तोंडाशी बुडबुडे दिसतात. भर दिवसा डोळे मिटून बसला असेल तर तेवढ्यावरूनही डॉक्टरांना फोन करायला हरकत नाही. शंका असेल तर रात्री तो झोपल्यावर पंखा-कूलर बंद करा आणि पिंजऱ्याजवळ कान न्या. श्वासागणिक टिक् टिक् किंवा बारीक शिट्टी ऐकू येते का बघा. दिवसा बाजूने मिनिटभराचा व्हिडिओ काढून ठेवा. दवाखान्यात घाबरून तो वेगळाच वागतो, तेव्हा हा व्हिडिओ कामी येतो.

आता सगळ्यात घातक चूक: माणसाच्या सर्दीचे उपाय. वाफ, बाम, निलगिरी, कापूर, हळद-मधाचा थेंब. सरपटणाऱ्या प्राण्यांना आपल्यासारखं श्वासपटल नसतं, जोरात खोकून कफ बाहेर फेकणं त्यांना जमत नाही. वाफेने कफ सुटला तरी जाणार कुठे? वर उष्णता आणि ओल वाढते ती वेगळीच. सिरिंजने तोंडात काही सोडणं त्याहून वाईट, कारण श्वासनलिकेचं तोंड जिभेच्या लगतच असतं आणि थेंब सरळ फुप्फुसात उतरू शकतो. मेडिकलमधून आणलेली किंवा घरात उरलेली अँटिबायोटिक तर देऊच नका. मात्रा चुकते आणि नंतर कफाच्या तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं.

आजार मुळात येतो कुठून? बहुधा गार, ओल्या, कोंडलेल्या हवेतून. आपल्याकडची हवा कोरडी म्हणून लोक जाळीचा पिंजरा चहूबाजूंनी प्लास्टिकने गुंडाळतात आणि झोपताना वरून पाण्याचा फवारा मारतात. डिसेंबर-जानेवारीत परभणीत रात्री पारा दहाच्या खाली जातो, त्यात लाईट गेली की उबेचा हीटरही बंद. प्लास्टिक लावायचंच तर तीन बाजूंना लावा, वरची आणि पुढची जाळी मोकळी ठेवा. फवारल्यावर पानं दोन-तीन तासांत सुकली पाहिजेत. उन्हाळ्यात कूलरचा झोत थेट पिंजऱ्यावर नको आणि त्याची टाकी शेवाळलेली नको. अगरबत्ती, डासांची कॉइल, मिरचीची फोडणी यांचा धूर त्या खोलीत जाऊ देऊ नका. खाद्यात 'अ' जीवनसत्त्व कमी पडलं तरी श्वासमार्गाचं अस्तर बिघडतं, पण त्याचे थेंब डॉक्टरांना विचारूनच द्या. जास्त झालं तर तेही बाधतं.

परभणी आणि उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. निघण्याआधी सरडे तपासणारं कोणी आहे का, हे फोनवर विचारून घ्या. प्रवास पहाटे करा, भोकं पाडलेल्या खोक्यात एक फांदी घट्ट बसवा, पाण्याची वाटी ठेवू नका. तोवर त्याला हातात घेऊ नका आणि रात्री गारठू देऊ नका. येमेनी आणि पँथर या परदेशी जातींचे कॅमेलियन साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीत आहेत, तेव्हा केंद्राच्या पर्यावरण खात्याच्या परिवेश पोर्टलवरच्या नोंदणीचे कागद सोबत असू द्या. बाभळीवरून उचलून आणलेला आपला देशी कॅमेलियन असेल, तर १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो पाळताच येत नाही. १९२६ या क्रमांकावर वनविभागाला कळवा.

डॉक्टर एक्स-रे, कफाची तपासणी आणि बहुधा इंजेक्शनं सांगतील. चार दिवसांत तो किडे खायला लागला म्हणून इंजेक्शनं थांबवू नका. हा कोर्स अनेकदा काही आठवडे चालतो.