एसीच्या बेडरूममधली शिळी हवा: मोजायची कशी, बदलायची कशी

स्प्लिट एसी हवा गार करतो, नवी आणत नाही. खोलीतलीच हवा कॉइलवरून फिरवून परत आत सोडतो. भिंतीतून बाहेर जातात ते नळ गॅसचे आणि पाण्याचे. ‘फॅन मोड’ लावला तरी तेच. जुन्या खिडकी-एसीत निदान व्हेंटचा एक खटका असायचा.

झोपलेला मोठा माणूस तासाला साधारण १२ ते १३ लिटर कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो, म्हणजे दोघांचा २५ लिटर धरा. दहा बाय दहाची, नऊ फूट उंचीची बेडरूम म्हणजे सुमारे २५,५०० लिटर हवा. फटी अजिबात नसत्या तर दर तासाला जवळपास १,००० पीपीएमची (हवेच्या दहा लाख भागांत हजार भागांची) भर पडली असती. फटी असतात, म्हणून आकडा पहाटेपर्यंत दोन-अडीच हजारांवर, कधी तीन हजारांवर जाऊन थबकतो. बाहेरच्या मोकळ्या हवेत तो ४३० च्या आसपास असतो, वाहत्या रस्त्यालगत थोडा जास्त.

यात घाबरण्यासारखं काही नाही. कामाच्या ठिकाणी आठ तासांसाठी धरली जाणारी मर्यादा ५,००० पीपीएमची आहे. ‘बंद खोलीत ऑक्सिजन संपतो’ हेही खरं नाही: २०.९ टक्क्यांचा फार तर २०.६ होतो. पण कोंदटपणा, सकाळचं जड डोकं, एकाच्या सर्दीचे विषाणू दुसऱ्याच्या नाकात जाणं, हे सगळं हवा न बदलल्यामुळे होतं, आणि हवा किती बदलते हे कळायला हा वायू सर्वांत सोपी खूण आहे. पेटेनकोफर या जर्मन शास्त्रज्ञाने १८५८ मध्ये १,००० पीपीएमची रेघ आखली ती याच विचाराने. आजही तीच धरावी.

कार्बन डायऑक्साइडचा मीटर घेताना एकच गोष्ट बघा: आत एनडीआयआर किंवा फोटोअकूस्टिक सेन्सर, म्हणजे हा वायू थेट मोजणारा सेन्सर, आहे का. स्वस्त मीटर बरेचदा हवेतल्या इतर वाफा मोजून कार्बन डायऑक्साइडचा नुसता अंदाज छापतात. ओळखायची युक्ती सोपी आहे. मीटरजवळ सॅनिटायझर लावलेला हात धरा. आकडा एकदम उसळला तर मीटर खोटा. खरा मीटर श्वासाने उसळतो, सॅनिटायझरने नाही. (श्वास रोखून हात धरा, नाहीतर चाचणीच फसते.)

आल्या आल्या तो गॅलरीत किंवा गच्चीत २० मिनिटं ठेवून कॅलिब्रेट करा (त्याचा आकडा बाहेरच्या हवेशी जुळवून घ्या), घरातल्या कोणाच्याही तोंडापासून दूर. बऱ्याच मीटरांत आपोआप कॅलिब्रेशन असतं: आठवडाभरातला सर्वांत कमी आकडा म्हणजेच बाहेरची हवा, असं ते समजतं. कायम बंद असलेल्या खोलीत हेच उलटतं. खोली कधी ७०० च्या खाली येतच नाही, मीटर त्यालाच ४०० म्हणू लागतो, आणि आपण खूश. म्हणून आठवड्यातून एकदा तरी त्याला बाहेरचा वारा दाखवा.

मीटर पलंगाच्या उंचीवर, उशीपासून किमान तीन-चार फूट लांब ठेवा. एसीच्या झोताखाली नको, खिडकीच्या कट्ट्यावर नको. हा वायू जड म्हणून जमिनीवर साचतो असं बरेच जण धरून चालतात. पंखा-एसी चालू असलेल्या खोलीत तो सगळीकडे सारखाच मिसळलेला असतो.

पहिली रात्र काहीही न बदलता झोपा. सकाळी उठल्यावर आकडा लिहा, समजा २,०३० आला. त्यातून बाहेरचे ४३० वजा करा: जादा १,६००. आता सगळे खोलीबाहेर या, दार-खिडकी तशीच बंद, पंखा मंद चालू. जादा निम्मा, म्हणजे मीटरवर १,२३०, व्हायला किती वेळ लागतो ते बघा. ०.७ ला तेवढ्या तासांनी भागा, की तासाला खोलीची हवा किती वेळा बदलते ते मिळतं. अडीच तास लागले तर ०.२८. दोन माणसांसाठी १,००० च्या आत राहायचं तर साधारण १.७ हवं. म्हणजे जादा २५ मिनिटांत निम्मा झाला पाहिजे. हा २५ मिनिटांचा आकडा लक्षात ठेवा.

आता खिडकी. स्लायडिंगची काच दोन बोटं सरकवा, जाळी तशीच लावलेली. एवढ्याने बहुतेक भागत नाही, कारण हवेला यायला वाट मिळाली, जायला नाही. बेडरूमच्या दाराला चार बोटं फट ठेवून हॉलची खिडकी उघडली, की खरा फरक दिसतो. दार लावायचंच असेल तर बाथरूमचा एक्झॉस्ट मंद वेगावर ठेवा, बाथरूमचं दार किलकिलं, खिडकी दोन बोटं. प्रत्येक मांडणीला तीच निम्म्याची चाचणी लावा. दुपारी मात्र नको. किनारपट्टीवर तेव्हा खारे वारे जोरात असतात आणि निकाल छान येतो. रात्री वारा पडला की तीच खिडकी निम्मंही काम करत नाही.

एक्झॉस्ट इमारतीच्या डक्टमध्ये (सगळ्या मजल्यांच्या सामायिक उभ्या पोकळीत) उघडत असेल तर आधी अगरबत्तीचा धूर धरून बघा. पंखा बंद असताना धूर आत येत असेल तर डक्टमधली खालच्या मजल्यांची हवा तुमच्याकडे येते आहे. अशा ठिकाणी पंख्याला झडप हवी.

विजेचं म्हणाल तर पावसाळी दमट हवेतसुद्धा एवढी बाहेरची हवा गार करायला आठ तासांत साधारण एक युनिट जादा लागतं. धुरकट हिवाळ्यात, किंवा शेजारी बांधकाम चालू असेल तेव्हा, खिडकी उघडून आत एअर प्युरिफायर लावा. प्युरिफायर धूळ पकडतो, कार्बन डायऑक्साइड नाही, हे विसरू नका.

झाडांवर भिस्त ठेवू नका. माणूस दिवसाला जवळपास एक किलो कार्बन डायऑक्साइड सोडतो. तो पूर्ण शोषायला मनी प्लांटला रोज अर्ध्या किलोहून जास्त सुकं वजन वाढवावं लागेल. रात्री तर बहुतेक झाडं आपल्यासारखीच श्वास सोडतात.

स्वयंपाकघर मात्र बेडरूमला लागून असेल तर आकड्यावर लक्ष ठेवा. पाइप गॅसचा एक बर्नर मोठा ठेवला की तासाला २०० लिटरच्या पुढे कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे पंधरा-सोळा झोपलेल्या माणसांइतका. चिमणी चालू ठेवा. आणि बाथरूममध्ये गॅस गिझर असेल तर वरची एक्झॉस्टची युक्ती अजिबात करू नका: पंखा गिझरचा धूर उलटा आत ओढू शकतो. त्यातला कार्बन मोनॉक्साइड जीव घेतो, त्याला वास नसतो आणि या मीटरवर तो दिसतही नाही. त्याचा अलार्म वेगळा मिळतो, आणि असा गिझर बाथरूमच्या बाहेरच बसवायचा असतो.