इंजिन तयार घ्या, वाघिणी घरी जुळवा

माझ्या भाच्यानं नाशिकहून फोन केला. मॉडेल रेल्वेचा छंद सुरू करायचा त्यानं ठरवलं होतं आणि दोन गोष्टी निवडून ठेवल्या होत्या : एक पितळी वाफेच्या इंजिनाचं किट, म्हणजे घरी जुळवायचे सुटे भाग, आणि एक तयार डिझेल इंजिन. किंमत जवळपास सारखीच. "मावशी, खरा छंद म्हणजे सगळं आपल्या हातानं करणं ना? मग किटच घेतो." मी त्याला ताबडतोब थांबवलं. तेव्हा जे सांगितलं तेच इथे सविस्तर लिहिते, कारण हा प्रश्न मला वरचेवर विचारला जातो.

मी मूळची कुर्डुवाडीची. वडील बार्शी लाइट या अरुंद रुळांच्या रेल्वेवर गार्ड होते. लाइन सरकारनं १९५४ मध्येच विकत घेतली होती, पण गावात नाव शेवटपर्यंत बार्शी लाइटच राहिलं. या छंदात मी एकवीस वर्षं आहे. माझं मत ठाम आहे : जे स्वतः चालतं ते तयार घ्या, जे ओढलं जातं किंवा उभं राहतं ते जुळवा. म्हणजे इंजिन तयार आणि वाघिणी (मालगाडीचे डबे), प्रवासी डबे, स्टेशन, सिग्नल केबिन, पाण्याची टाकी किटमधून.

कारण इंजिनाच्या पोटात आहे. इंजिन चालायचं तर रुळांतली वीज सगळ्या चाकांतून मोटरपर्यंत अखंड पोचावी लागते, गिअर न अडखळता फिरावे लागतात. वाफेचं इंजिन असेल तर एका बाजूची क्रँक पिन, म्हणजे चाकावरची दांडा अडकवायची खुंटी, दुसऱ्या बाजूच्या पिनेपासून बरोबर ९० अंशांवर बसावी लागते, आणि हे प्रत्येक ॲक्सलवर तंतोतंत सारखं. एका ॲक्सलचा कोन जरा चुकला की चाकांना एकमेकांशी जोडणारे दांडे, म्हणजे साइड रॉड, अडकतात आणि इंजिन लंगडत चालतं. वाघिणीला यातलं काहीच नाही. चार चाकं सरळ फिरली की झालं.

शिवाय बऱ्याच पितळी किटच्या खोक्यात चाकं, मोटर आणि गिअर नसतातच. ते वेगळे मागवायचे. भाच्याला दिसलेली किंमत ही अर्धीच किंमत होती. वर रंग, अक्षरांचे स्टिकर, कपलिंग, परदेशातून येणार असेल तर टपाल आणि सीमाशुल्क. किट स्वस्त पडतं असं मानण्याआधी खोक्यात काय काय नाही, हे विक्रेत्याला विचारून कागदावर लिहून काढा.

माझं पहिलं इंजिन-किट व्हाइटमेटलचं होतं. हा धातू अगदी कमी उष्णतेला वितळतो. मी नेहमीच्या सोल्डरिंग आयर्ननं धुराडं जोडायला गेले आणि टोक टेकताक्षणी धुराडं मेणासारखं खाली बसलं. त्यासाठी ७० अंशांना वितळणारं वेगळं सोल्डर आणि तापमान कमी-जास्त करता येणारं आयर्न लागतं. ते इंजिन दोन वर्षं डब्यात पडून होतं, आणि त्या दोन वर्षांत माझ्या रुळांवर काहीच धावलं नाही. भाच्याच्या बाबतीत मला हेच टाळायचं होतं. पहिल्या महिन्यात काहीतरी धावलं पाहिजे.

तयार इंजिन घेताना दुकानात ते चालवून बघा. जोरात पळवू नका, पळताना सगळीच इंजिनं छान दिसतात. अगदी हळू, माणूस चालतो त्या वेगानं, पुढे आणि मागे दोन्हीकडे चालवायला सांगा. अडखळलं किंवा एका ठिकाणी दर फेरीला टक्-टक् आवाज आला तर गिअरमध्ये दोष आहे. जुनं इंजिन असेल तर हे हमखास तपासा. प्लॅस्टिकचा गिअर ॲक्सलवर चिरतो आणि बाहेरून काही दिसत नाही. मी असं एक घेऊन फसले आहे. खोक्यावर 'डीसीसी रेडी' (डीसीसी म्हणजे डिजिटल नियंत्रण) लिहिलेलं असलं म्हणजे आत डिकोडर, म्हणजे ते डिजिटल हुकूम समजणारी चकती, आहे असं नाही, फक्त तो बसवायची जागा आहे. साध्या १२ व्होल्टच्या डीसी कंट्रोलरवर सुरुवात करणार असाल तर डिकोडरची घाई नको.

घेण्याआधी टेबल मोजा. एचओ हे मॉडेलचं एक प्रचलित माप (स्केल), म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागाएवढं. आपला जुना आयसीएफ (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या धाटणीचा) प्रवासी डबा बफरसकट साधारण २२.३ मीटर, म्हणजे एचओमध्ये सुमारे २५६ मिलिमीटर. असे सहा डबे आणि एक डिझेल इंजिन म्हटलं की गाडीच पावणेदोन मीटरची झाली. आठ बाय चार फुटांच्या प्लायवर ती आपलीच शेपटी धरायला धावल्यासारखी दिसते. जागा कमी असेल तर छोट्या चारचाकी वाघिणींची मालगाडी करा किंवा त्याहून लहान एन स्केल घ्या, ज्याच्या दोन रुळांत ९ मिलिमीटर अंतर असतं. आणखी एक गोष्ट आधीच पत्करावी लागते. एचओचे रूळ १६.५ मिलिमीटरचे, ते युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजवरून, म्हणजे दोन रुळांमधल्या अंतरावरून, आलेत. आपलं ब्रॉडगेज १६७६, म्हणजे खरं तर १९ मिलिमीटरच्या वर हवं. भारतीय गाड्या करणारे बहुतेक जण हा फरक सोडून देतात. मीही सोडलाय.

आता वाघिणीचं किट. सुरुवातीला चारचाकी, प्लॅस्टिकची, उघडी वाघीण घ्या. छप्पर नाही, खिडक्या नाहीत. फ्रेममधून भाग पिळून तोडू नका. कटरनं थोडं लांबून कापा आणि उरलेला कोंब कानशीनं घासा. एखाद्या जुन्या फोटोफ्रेमची काच टेबलावर ठेवा आणि सगळी जुळवणी त्या काचेवरच करा. एका बाजूची पट्टी चिकटवली, चाकं आत धरली, दुसरी बाजू लावली, की सिमेंट (प्लॅस्टिक जोडायचा गोंद) ओलं असतानाच वाघीण काचेवर उभी करून एकेका कोपऱ्यावर बोटानं हलकेच दाबा. खुर्चीचा एक पाय आखूड असल्यासारखी डुगडुगली तर हीच वेळ आहे, अजून पाच मिनिटं भाग हलतो. चारही चाकं काचेला टेकली की हात काढा आणि रात्रभर तशीच ठेवा. बहुतेक घरगुती वाघिणी या एका कारणानं घसरतात, आणि लोक दोष रुळांना देतात.

मग वजन. अमेरिकेच्या नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशनची शिफारस एचओसाठी सोपी आहे : २८ ग्रॅम, अधिक लांबीच्या प्रत्येक इंचाला १४ ग्रॅम. चार इंची वाघिणीला ८४ ग्रॅम झाले. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा चालतो. वजनासाठी लोखंडी नट वापरा, गळाचं शिसं फेविकॉलनं चिकटवू नका. मी टँकर वाघिणीत तसं केलं होतं. बंद जागेत शिशावर हळूहळू पांढरा थर धरतो आणि फुगतो. चौथ्या वर्षी टाकीची शिवण उसवली.

डब्यांच्या खिडक्यांना फेविक्विक लावू नका. त्याची वाफ पारदर्शक प्लॅस्टिकवर बसते आणि सकाळी सगळ्या खिडक्यांवर धुकं दिसतं. पुसून ते जात नाही. तिथे फेविकॉलचा टाचणीच्या टोकाएवढा थेंब पुरतो, वाळल्यावर दिसतही नाही. आणि स्प्रेचं रंगकाम जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. दमट हवेत रंगावर दुधाळ झाक येते. कार्डाच्या इमारतीही पावसाळ्यात वाकतात, म्हणून आतून आडव्या-उभ्या पट्ट्या लावून घ्या. बाकी कार्डाचं स्टेशन हे सुरुवातीला सगळ्यात समाधान देणारं किट. एका रविवारात उभं राहतं.

पुण्यात आलात तर कोथरूडमधलं जोशींचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय बघा. चालता लेआउट, म्हणजे रूळ-स्टेशनांसकट मांडलेली छोटी रेल्वे, डोळ्यांनी बघितला की आपल्याला पळणारी गाडी आवडते, की जुळवत बसणं, हे लवकर कळतं. दोन्ही आवडणं मुळीच सक्तीचं नाही. सगळं तयार घेऊन रोज संध्याकाळी अर्धा तास गाडी चालवणारे माझे स्नेही आहेत आणि त्यांचा छंद माझ्यापेक्षा कमी नाही.

एका ठिकाणी मात्र माझा नियम मी स्वतः मोडते. बार्शी लाइटचं इंजिन मला कुठे तयार मिळालं नाही. ही लाइन ७६२ मिलिमीटरची. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरनं ती उभारली आणि १८९७ मध्ये पहिला टप्पा सुरू झाला. एचओमध्ये ७६२ म्हणजे पावणेनऊ मिलिमीटर, म्हणजे एन स्केलचे ९ मिलिमीटरचे रूळ जवळजवळ तंतोतंत बसतात. म्हणून मी एन स्केलचं एक तयार, चांगलं चालणारं इंजिन घेते, त्याची वरची बॉडी काढते आणि खालच्या चालत्या सांगाड्यावर घरी केलेली बॉडी बसवते. कॅलथ्रॉपनंच पुढे इंग्लंडमध्ये लीक अँड मॅनिफोल्ड नावाची अशीच अरुंद लाइन केली, १९०४ मध्ये सुरू झालेली, आणि तिकडच्या हौशी लोकांसाठी तिच्या गाड्यांचे किट निघालेले आहेत. त्यांतले काही भाग मला उपयोगी पडतात. चालणारा भाग तिथेही मी विकतच घेतलाय, हे लक्षात घ्या.

सध्या गार्डचा डबा करते आहे. वडील ज्या बाजूच्या खिडकीतून हिरवा झेंडा दाखवायचे ती खिडकी एचओमध्ये माझ्या करंगळीच्या नखाएवढी येते. दोनदा कापली, दोन्ही वेळा तिरकी गेली. तिसरी पट्टी कापून ठेवली आहे, उद्या सकाळच्या उजेडात बसेन.

भाच्यानं शेवटी तयार डिझेल, एक सांधा (गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा तुकडा), सरळ रुळांचे चार तुकडे आणि दोन वाघिणींची किट मागवली. त्याला सांगितलंय, पहिली वाघीण इंजिनानं ढकलत सांध्यावरून वीस वेळा मागे-पुढे ने. एकदाही घसरली नाही की मला फोन कर, मग दुसरं खोकं उघडू.