नवा सेमी-हॉलो बेस: मत बनवण्याआधी हे करून बघा

नवा सेमी-हॉलो बेस, म्हणजे अर्धवट पोकळ बॉडीची बेस गिटार, घरी आला की पहिल्या संध्याकाळी बहुतेक जण तो केबल न लावताच पलंगावर बसून वाजवतात. लाकूड मस्त घुमतं, पोटाला थरथर जाणवते, आणि लगेच मित्रांना कळवलं जातं की आवाज फार गोड आहे. हे मत कच्चं आहे. खोलीत जे घुमणं आवडलं, तेच पुढे स्टेजवर डोक्याला ताप होतं. म्हणून वाद्य स्टेजच्या आवाजात वाजवून बघेपर्यंत चांगलं-वाईट काहीच ठरवू नका.

बेस प्रवासातून आला असेल, त्यात पावसाळा असेल, तर एक दिवस खोलीत नुसता ठेवा. मग सुरात लावा आणि नेकचा (मानेचा) वाक बघा. सर्वांत जाड तार पहिल्या फ्रेटवर आणि नेक बॉडीला मिळते तिथल्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा. सातव्या-आठव्या फ्रेटपाशी 0.3 ते 0.4 मिलिमीटर फट दिसली की पुरे. फट जास्त असेल तर ट्रस रॉड (नेकच्या आतली धातूची सळई) घट्ट करा, पण एका वेळी पाव फेराच. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची अडीच मिलिमीटरच्या आसपास, बारीक तारेची दोनच्या आसपास ठेवा. मग बाराव्या फ्रेटचा सूर ट्यूनरवर तपासून ब्रिजची खोगिरं (तारा टेकतात ते तुकडे) सरकवा. एवढं झालं की सेटअप संपला.

जॅकचा, म्हणजे केबल लावायच्या सॉकेटचा, नट मात्र सैल दिसला तरी नुसता पाना लावून फिरवू नका. पातळ लाकडाच्या आत सॉकेटही सोबत फिरतं आणि वायर तुटते. मग सगळं एफ-होलमधून (बॉडीवरच्या एफ आकाराच्या भोकातून) बाहेर काढत बसावं लागतं. आधी सॉकेट आतून किंवा बाहेरून धरा, मगच नट आवळा.

आता फीडबॅककडे येऊ. मी पहिली दोन वर्षं इथेच अडकलो होतो. गिटारचा फीडबॅक किंचाळतो, तो लगेच कळतो. बेसचा हळूच ‘हूऽऽ’ करत फुगतो. वाजवणाऱ्याला वाटतं आवाज भरदार झाला, आणि समोरच्यांना गाण्यातला एकही सूर वेगळा ऐकू येत नाही. होतं असं की स्पीकरचा आवाज बॉडीच्या पातळ पाटीला हलवतो, पाटी ब्रिज आणि तारा हलवते, पिकअप (तारांखालचा चुंबकी भाग) ते उचलतो आणि पुन्हा अ‍ॅम्पकडे धाडतो. गिब्सनच्या 1958 च्या ईबी-2 मध्ये बॉडीच्या मधोमध लाकडी ठोकळा आहे, त्याने हे चक्र आवरतं. पण दोन्ही बाजूंचे पोकळ भाग राहतातच. ठोकळा आहे म्हणजे फीडबॅक होणार नाही, असं दुकानात कुणी सांगितलं तर मान डोलवू नका.

प्रत्येक बेसचा फुगणारा सूर ठरलेला असतो. तो घरी नाही, तालमीच्या खोलीत शोधा. अ‍ॅम्पपासून कार्यक्रमात उभे राहाल तेवढ्याच अंतरावर उभे राहा, आवाज ड्रम्सच्या बरोबरीने वाढवा आणि खालपासून एकेक सूर सावकाश वाजवा. एखादा सूर बाकीच्यांपेक्षा मोठा येईल आणि बोट उचलल्यावरही थांबणार नाही. माझ्या बेसवर तो मोकळ्या जी तारेजवळ, म्हणजे 98 हर्ट्झच्या आसपास आहे.

इथे सगळे एकच सल्ला देतात: अ‍ॅम्पवरचं खर्जाचं (बेसचं) बटण कमी करा. मी ते वर्षभर केलं आणि वाद्याचा सगळा खर्ज घालवून बसलो. सर्वांत खालची ई तार 41 हर्ट्झची. तिचा काही दोष नसताना तिला शिक्षा कशासाठी? ज्यात फ्रिक्वेन्सी निवडता येते असा ईक्यू (सूरपट्टे कमी-जास्त करणारं यंत्र) घ्या. आवाज आधी पुष्कळ खाली आणा, ईक्यूचा एक पट्टा थोडा वाढवून फ्रिक्वेन्सीचं बटण फिरवत तो सूर पकडा, आणि मग तेवढाच पट्टा चार ते सहा डेसिबलने कापा. आवाज खाली न आणता हे केलंत तर स्पीकरला इजा होऊ शकते. डीआय बॉक्सवर (बेसचा सिग्नल मिक्सरकडे नेणाऱ्या डबीवर) फेजचं, म्हणजे सिग्नल उलटा करणारं, बटण असेल तर तेही दाबून बघा. काही जागी त्या एका बटणाने काम होतं.

तरीही भागलं नाही तर जागा बदला. 98 हर्ट्झची लहर साधारण साडेतीन मीटर लांब असते, म्हणून तीन फूट सरकलात तरी फरक जाणवतो. बेसचं तोंड स्पीकरकडे करू नका. लाकडी पोकळ स्टेज असेल तर अ‍ॅम्प जमिनीवर न ठेवता खाली जाड फोम द्या. आणि न वाजणाऱ्या तारा हातांनी दाबून ठेवायची सवय लावा. उजवा अंगठा जाड तारेवर टेकलेला हवा.

एफ-होलमध्ये फोम कोंबणं हा शेवटचा उपाय. छोटाच तुकडा घाला आणि त्याला दोरा बांधून टोक बाहेर ठेवा. मी एकदा दोरा न बांधता पूर्ण पोकळी भरली होती. फीडबॅक गेला, आवाजही गेला, आणि तो फोम वायरीत गुंतल्यामुळे चिमट्याने तुकडे तुकडे करून काढायला एक दुपार गेली.

तारा बदलायच्या तर फ्लॅटवाउंड (बाहेरून सपाट गुळगुळीत गुंडाळीच्या) लावून बघा, या वाद्याला त्या शोभतात. ईबी-2 सारख्या साडेतीस इंची (तारेची वाजणारी लांबी) बेसला शॉर्ट-स्केलच, म्हणजे कमी लांबीच्या, तारा आणा. चौतीस इंचांच्या तारा इथे बसवल्या तर त्यांचा जाड भाग खुंटीवर येतो. तार कापण्याआधी काटकोनात वाकवा, नाहीतर आतला गाभा सरकून ती मेल्यासारखी वाजते.

दोन आठवड्यांनी नेकची फट पुन्हा मोजा. नव्या वाद्याची ती हमखास बदललेली असते.