फ्लॅटहेड व्ही८ तापणं थांबलं, दोष रेडिएटरचा नव्हता

१९२९ ची फोर्ड मॉडेल ए रोडस्टर पिकअप, इंजिन १९५० चं फ्लॅटहेड, म्हणजे झडपा ब्लॉकमध्ये (इंजिनाच्या ओतीव सांगाड्यात) आणि वर सपाट हेड (झाकण) असलेलं. पळतानाही तापमानाचा काटा चढायचा. या इंजिनात एक्झॉस्टच्या वाटा ब्लॉकमधल्या पाण्यातूनच जातात, उष्णता मुळातच जास्त. ब्लॉकचा ड्रेन प्लग काढला तर थेंबही नाही. तार खुपसल्यावर लालसर गाळ आणि ओतकामाची वाळू. हेड व दोन्ही पंप उतरवून वाकड्या तारेने आणि जोराच्या पाण्याने धुतलं, वाटीभर वाळू निघाली! नवे गॅस्केट, इंजिन तापून निवल्यावर हेडचे बोल्ट पुन्हा टॉर्कने (ठरलेल्या जोराने) आवळले, हे टाळलं की गळतीची भीती. थर्मोस्टॅट (पाणी तापल्यावर वाट उघडणारी झडप) दोन लागतात, प्रत्येकात ३ मिमी भोक पाडलं, हवा अडकत नाही. सिग्नलला उभी असताना मात्र गाडी तापायचीच. म्हणून पंख्याला पत्र्याचं आवरण केलं, पात्यांभोवती २५ मिमी फट.