मँचेस्टरच्या बिशपपदाचा इतिहास कसा जुळवायचा

मँचेस्टरचे बिशप म्हणजे इंग्लंडच्या अँग्लिकन चर्चचे तिथले प्रमुख धर्मगुरू. त्यांची यादी आयती मिळते, पण तिच्यावर विसंबून लिहायला बसलात तर पहिल्याच नावाला अडखळाल. जेम्स प्रिन्स ली 1847 चे की 1848 चे? धर्मप्रांत, म्हणजे बिशपाच्या अखत्यारीतला प्रदेश, 1 सप्टेंबर 1847 रोजी अस्तित्वात आला, लींचा अभिषेक (बिशप म्हणून धार्मिक दीक्षा) झाला तो 1848 मध्ये. म्हणून दर बिशपामागे चार रकाने आखा: नाव जाहीर झाल्याची तारीख, कॅथीड्रलमधल्या (धर्मप्रांताच्या मुख्य चर्चमधल्या) निवडीवर वरिष्ठ असलेल्या यॉर्कच्या आर्चबिशपांच्या वतीने शिक्कामोर्तब, अभिषेक, आणि कॅथीड्रलमध्ये आसनस्थ होणे. निवड होऊन आलेल्याला कायद्याने पद मिळते ते शिक्कामोर्तबाने. गाजावाजा होतो तो शेवटच्या समारंभाचा, आणि वर्तमानपत्रांत तीच तारीख सापडते. अभिषेक एकदाच होतो. बिशप मूरहाउस 1886 मध्ये मँचेस्टरला आले ते मेलबर्नचे बिशपपद सोडून, त्यामुळे त्यांचा तिसरा रकाना मँचेस्टरच्या कागदांतून भरू नका.

मग सीमा. 1847 पूर्वीचे कागद चेस्टर धर्मप्रांताच्या दप्तरात शोधायचे, कारण मँचेस्टर त्यातूनच फुटले. 1926 मध्ये उत्तरेचा मोठा भाग ब्लॅकबर्नच्या नव्या धर्मप्रांताकडे गेला. एडमंड नॉक्स (1903–1921) ब्लॅकपूलच्या वाळूत प्रवचने करत. आजचा नकाशा समोर ठेवलात तर ते पाहुणे वाटतील. ती त्यांचीच हद्द होती. दोन नकाशे हवेतच.

एवढ्या मोठ्या गिरणगावाला बिशप इतका उशिरा का, हा प्रश्न टाळू नका. मुंबईला तो 1837 पासून होता! 1836 ची योजना अशी होती की वेल्समधली बँगर आणि सेंट असाफ ही पदे एकत्र करायची आणि मँचेस्टरला नवे द्यायचे, म्हणजे बिशपांची संख्या तेवढीच राहील. वेल्समधून जोराचा विरोध झाला. अखेर 1847 च्या कायद्याने विलीनीकरण सोडले आणि वेगळी तोड काढली: नवा बिशप नेमायचा, पण लॉर्ड्सच्या सभागृहातल्या (ब्रिटिश संसदेच्या वरिष्ठ सभागृहातल्या) बिशपांच्या 26 जागा वाढवायच्या नाहीत. तेव्हापासून कँटरबरी, यॉर्क, लंडन, डरहम, विंचेस्टर वगळता बाकीच्यांना ज्येष्ठतेने वाट पाहावी लागली. तेव्हा सभागृहातल्या प्रवेशाची तारीख वेगळी तपासा, नेमणुकीवरून अंदाज बांधू नका.

जेम्स फ्रेझर (1870–1885) यांच्यावर जास्त वेळ घालवा. माइल्स प्लॅटिंगचे पाद्री सिडनी ग्रीन उपासनेच्या रीतींवरून 1881 मध्ये लँकेस्टरच्या तुरुंगात गेले, आणि तिथे वर्षाहून अधिक काळ राहिले. 1874 च्या कायद्याने असा खटला अडवण्याचा अधिकार बिशपाला होता. फ्रेझर यांनी तो वापरला नाही. ग्रीनच्या बाजूचे आणि विरोधातले अशा दोन्ही गटांच्या नियतकालिकांचे अंक काढा, एकट्या बाजूने बिशप एक तर जुलमी दिसतो नाही तर हतबल.

नावांचा घोळ सर्वांत जास्त सॅल्फर्डमुळे होतो. मँचेस्टरच्या बिशपाचे निवासस्थान बिशप्सकोर्ट सॅल्फर्डमध्ये आहे, पण ‘सॅल्फर्डचे बिशप’ म्हणजे रोमन कॅथलिक. ते पद 1850 चे. जुन्या बातमीत नुसते ‘बिशप’ असेल तर आधी चर्चचे नाव पाहा. सहायक बिशपांची पदेही वेगळी नोंदवा: बर्नलीचे पद 1901 मध्ये मँचेस्टरखाली निर्माण झाले, पण आता ब्लॅकबर्नकडे आहे. मिडलटन आणि बोल्टनची पदे मँचेस्टरकडेच आहेत.